ॲमेझॉनचे खोरे निर्मनुष्य नाही

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत ॲमेझॉनच्या वर्षावनावर आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे उत्तम होती, आणि इतक्या दूरच्या प्रदेशासाठी आपण पूर्ण पान दिलेत याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत. मी ठाण्यातील एका मराठी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. दहावीच्या पुस्तकात २०१८ पासून भारत आणि ब्राझील या दोन देशांचा तौलनिक अभ्यास आहे, त्यामुळे नोकरीच्या अखेरच्या वर्षांत ॲमेझॉन हा माझ्या रोजच्या बोलण्यातला विषय झाला होता. म्हणूनच लेखातील दोन शब्दप्रयोगांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पहिला ‘पृथ्वीची फुफ्फुसे’ आणि दुसरा ‘माणसाचा स्पर्श न झालेले अरण्य’. पहिला शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे. दुसरा चुकीचा तर आहेच, शिवाय तिथल्या माणसांवर अन्याय करणारा आहे, आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे.

फुफ्फुसांचा मुद्दा आधी थोडक्यात मांडते. झाडे दिवसा प्राणवायू सोडतात हे खरे, पण तीच झाडे, त्यांवरचे जीव आणि खाली कुजणारा पालापाचोळा मिळून जवळजवळ तेवढाच प्राणवायू वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू कोट्यवधी वर्षांत वातावरणात साठलेला आहे. हे अरण्य जगाला जे देते ते वेगळेच आहे. अटलांटिकवरून व्यापारी वाऱ्यांबरोबर आलेली वाफ पूर्वेकडे पाऊस होऊन पडते, झाडे ते पाणी मुळांनी ओढून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, वारे ती वाफ आणखी पश्चिमेला नेतात, तिथे पुन्हा पाऊस पडतो, आणि असे होत होत अँडीज पर्वताला थडकून उरलेले बाष्प दक्षिणेकडे वळते व साओ पाउलोपर्यंतच्या शेतांना पाऊस देते. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनची समस्थानिके, म्हणजे हलके आणि जड अणू, मोजून दाखवले, की या खोऱ्यातील सुमारे निम्मा पाऊस अरण्याने स्वतःच परत केलेल्या बाष्पातून पडतो. दिवसाला सुमारे २,००० कोटी टन पाणी अशा रीतीने झाडांवाटे हवेत जाते असा अंदाज आहे, म्हणजे खुद्द ॲमेझॉन नदी दिवसभरात समुद्राला देते त्याहून जास्त. तिथले लोक याला ‘उडत्या नद्या’ म्हणतात. मराठी मुलांना उपमाच द्यायची असेल तर वसईच्या वाड्यांमध्ये पूर्वी विहिरींवर चालणाऱ्या रहाटाची द्यावी. लोटे भरून वर येतात, रिते होतात आणि पुन्हा भरायला खाली जातात. रहाटाचे लोटे एकेक करून काढत गेले तर पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, आणि जंगल तोडले की दूरच्या शेतांचे नेमके असेच होते.

इथे एक भूगोलाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण वर्गात ती सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करीत. ॲमेझॉनच्या मध्यावर असलेल्या मनाउस शहरात वर्षाला साधारण २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या ठाण्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पडतो. तरी तिथे सदाहरित वर्षावन आहे आणि आपल्या येऊरच्या डोंगरावर पानझडी जंगल, कारण आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेल्या आठ कोरड्या महिन्यांत सागाला पाने गाळून उन्हाळा काढावा लागतो. मनाउसला कोरडा म्हणावा असा काळ आहे, पण तो आपल्यासारखा आठ महिन्यांचा नाही. नदीच्या मुखाकडच्या बेलेम शहरात तर दुपारचा पाऊस इतका नेमाचा, की तिथे ‘पावसाआधी भेटू की पावसानंतर’ असे विचारून वेळ ठरवण्याची रीत सांगतात. जगाच्या पर्यावरणाची चर्चा करणारी तिसावी हवामान परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये याच बेलेममध्ये भरली होती.

हे खोरे सुमारे ७० लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या देशाच्या दुपटीहून मोठे आहे. त्याचा सर्वांत मोठा भाग ब्राझीलमध्ये असला तरी पेरू, बोलिव्हिया, कोलंबिया, इक्वेडोर असे शेजारीही त्यात आहेत. मनाउसजवळ निग्रो नदीचे चहाच्या अर्कासारखे काळे पाणी आणि अँडीजचा गाळ घेऊन आलेले सोलिमोइस नदीचे मातकट पाणी एकमेकांना भेटतात, आणि तापमान, वेग व घनता निरनिराळी असल्यामुळे सुमारे सहा किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. पुरवणीत याचे छायाचित्र होते. त्याच मनाउसच्या बंदरावर १९०२ पासून निग्रो नदीच्या पाण्याची पातळी रोज नोंदवली जाते, हे मात्र लेखात नव्हते. एका वर्षात ही पातळी साधारण १० मीटर वरखाली होते, म्हणजे तीन मजली इमारतीइतकी. पाणी चढले की काठची जंगले महिनोन्‌महिने बुडालेली असतात, तांबाकी नावाचा मासा झाडांच्या फांद्यांमध्ये पोहत पडलेली फळे खातो आणि त्यांच्या बिया दूरवर नेऊन टाकतो. काठावरचे लोक खांबांवर किंवा तरंगत्या ओंडक्यांवर घरे बांधतात, आणि मुले होडीने शाळेत जातात. आता हा नेमही बिघडला आहे. २०२१ मध्ये त्या बंदरावर ३०.०२ मीटर ही नोंदींतली सर्वांत उंच पातळी गाठली गेली, आणि २०२३ व २०२४ मध्ये लागोपाठ दोन वर्षे सर्वांत नीच पातळीचे विक्रम झाले. २०२३ च्या दुष्काळात तेफे सरोवराचे पाणी इतके तापले, की दीडशेहून अधिक नदी-डॉल्फिन मेले. गावांना जोडणारी वाट म्हणजे नदीच असल्यामुळे ती आटल्यावर औषध, धान्य, शाळा सारेच तुटले. लेखात डॉल्फिनचा उल्लेख होता. त्या गावांचा नव्हता.

आता मुख्य मुद्दा. १५४१–४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार अँडीजकडून निघून ही नदी पार समुद्रापर्यंत उतरला. त्याच्याबरोबरच्या गास्पार दे कार्वाहाल या धर्मगुरूने काठावरच्या मोठमोठ्या वस्त्या, रस्ते आणि रंगीत मातीची भांडी यांचे वर्णन लिहून ठेवले. पुढच्या काळात आलेल्या युरोपियनांना त्या वस्त्या दिसल्या नाहीत आणि त्याने थापा मारल्या असे बरेच दिवस मानले गेले. प्रत्यक्षात गोऱ्यांबरोबर आलेल्या देवी-गोवरासारख्या साथींनी आणि गुलामगिरीने ती माणसे मोठ्या संख्येने मेली होती, उरलेली आत निघून गेली होती आणि रिकाम्या गावांवर रान वाढले होते. अलीकडे विमानातून लेझर किरण टाकून झाडांखालची जमीन पाहता येऊ लागली, तेव्हा २०२२ मध्ये बोलिव्हियात आणि २०२४ मध्ये इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात चौथरे, सरळ रस्ते, कालवे आणि शेते असलेल्या जुन्या नगरवस्त्या उजेडात आल्या. उपानोच्या वस्त्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, म्हणजे आपल्याकडे सोपारा बंदर भरभराटीला येण्याच्या सुमाराच्या.

याहून मोठा पुरावा मातीत आहे. वर्षावनाची माती सुपीक असते असा आपला समज असतो, पण नदीच्या पूरमैदानाबाहेर ॲमेझॉनची बहुतेक माती पावसाने धुतलेली, निकस, तांबडी-पिवळी आहे. सारा कस झाडांच्या अंगात असतो, मातीत फारसा उरत नाही, आणि फॉस्फरससारखे द्रव्य तर काही अंशी सहारा वाळवंटातून अटलांटिक ओलांडून येणाऱ्या धुळीतून भरून निघते. म्हणूनच जंगल जाळून केलेले शेत दोन-तीन वर्षांत थकते. अशा या निकस मातीत जागोजागी काळ्याभोर, भुसभुशीत मातीचे पट्टे सापडतात. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘तेर्रा प्रेता’, म्हणजे काळी माती म्हणतात. त्यांत कोळसा, खापरे, माशांची व जनावरांची हाडे मिसळलेली असतात. ही माती निसर्गाने केलेली नाही. तिथल्या माणसांनी शेकडो वर्षे चुलीची राख, कोळसा आणि खरकटे टाकून ती घडवली, आणि आजही तिथले शेतकरी ती शोधून तीत पेरणी करतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर असे दिसले, की माणसांनी पूर्वी लागवडीखाली आणलेल्या ८५ जातींची झाडे प्राचीन वस्त्यांच्या आसपास अधिक संख्येने आढळतात. ब्राझील नट, आसाई, कोको ही नावे त्यांतलीच. ज्याला आपण अस्पर्श अरण्य म्हणतो त्याचा बराच भाग कुणीतरी लावलेला, राखलेला, निवडून वाढवलेला आहे.

आणि त्या निवडीचे फळ आपण उपवासाला खातो. आपल्या बाजारात मिळणारा साबुदाणा ज्या कसावा कंदाच्या पिठापासून करतात, तो कंद प्रथम ॲमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेला माणसांनी लागवडीखाली आणला. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, बटाटा अँडीजचा. आषाढी एकादशीच्या खिचडीत आपल्या भूमीचे म्हणायला तूप आणि मीठ राहते. काजू आणि अननस ही दोन्ही नावे तुपी-गुआरानी कुळातील भाषांतून पोर्तुगिजांच्या तोंडी आली आणि तिथून आपल्याकडे. ज्या काब्राल या पोर्तुगीज दर्यावर्दीच्या ताफ्याने १५०० मध्ये ब्राझीलचा किनारा गाठला, तोच ताफा त्याच वर्षी पुढे कालिकतला आला, आणि ज्या पोर्तुगिजांनी वसईचा किल्ला उभारला, ठाण्यावर अंमल केला, त्यांच्याच गलबतांतून ही पिके इकडे आली. ठाण्याच्या मुलांना ब्राझील परका वाटण्याचे खरे तर काही कारण नाही.

कसाव्याविषयी आणखी थोडे लिहिते, कारण ‘रानटी’ हा शब्द ज्यांच्यासाठी अजून सहज वापरला जातो त्यांचे शास्त्र त्यात दिसते. कडू कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात आणि तो कच्चा खाल्ला तर माणूस मरू शकतो. तिथल्या बायका कंद किसतात, तो कीस ‘तिपिती’ नावाच्या विणलेल्या लांबट पिशवीत भरतात, पिशवी टांगून खालून ताणतात, आणि ती अरुंद होत जाऊन विषारी रस पिळून काढते. मग उरलेला चोथा मोठ्या तव्यावर परतून त्याचे रवाळ पीठ करतात, आणि तो रसही फेकत नाहीत, तर बराच वेळ उकळून विष गेल्यावर तो ‘तुकुपी’ नावाने, आंबट आमटीसारखा, बेलेमच्या जेवणात येतो. हे वाचताना मला दर जूनमध्ये जांभळी नाक्यावर बसणाऱ्या आदिवासी बाया आठवतात. त्या शेवळांची, म्हणजे पावसाळ्यातल्या एका रानभाजीची, जुडी देताना काकडांची फळे बरोबर घ्यायला विसरू देत नाहीत, कारण शेवळांची खाज काकडांच्या आंबटपणानेच जाते. कडू कंदाचे काप उकडून वाहत्या पाण्यात ठेवायचे, हेही त्यांनीच आपल्याला शिकवले. विष आणि अन्न यांतली ही वाट कुठल्या प्रयोगशाळेत सापडलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहिलेल्या माणसांनीच ती शोधली.

‘निर्मनुष्य’ हा शब्द निरुपद्रवी नाही, हे ब्राझीलच्या अलीकडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९७० मध्ये तिथल्या लष्करी सरकारने अरण्याच्या आरपार जाणारा महामार्ग आखला, तेव्हाची घोषणा होती ‘भूमिहीन माणसांसाठी माणसे नसलेली भूमी’. माणसे नसलेली म्हणून घोषित केलेल्या त्या भूमीत अनेक आदिवासी समाज राहत होते. रस्ते गेले, रस्त्यांना फाटे फुटले, आणि उपग्रहाच्या छायाचित्रांत रोन्दोनियासारख्या राज्यांत माशाच्या काट्यासारखी तोड दिसू लागली. तोडलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा भाग आज गुरांच्या कुरणांखाली आहे. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून दरवर्षीची तोड मोजते. २००४ मध्ये ती सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर होती, म्हणजे आजचे साडेसहा ठाणे जिल्हे एका वर्षात. २०१२ मध्ये ती सुमारे ४,६०० वर आली, २०२१ मध्ये पुन्हा सुमारे १३,००० वर गेली आणि त्यानंतर उतरली. हे चढउतार पाऊस-वाऱ्याने झालेले नाहीत. सरकारने कायदा राबवला की तोड घटते आणि डोळेझाक केली की वाढते.

तोड कुठे झाली नाही, हेही त्याच छायाचित्रांत दिसते. मातो ग्रोसो राज्यात १९६१ मध्ये राखलेला शिंगू हा आदिवासी प्रदेश आज चहूबाजूंच्या सोयाबीनच्या शेतांमध्ये हिरव्या बेटासारखा उठून दिसतो. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींचा त्यांच्या पारंपरिक भूमीवरील हक्क मान्य केला आणि १९९२ मध्ये यानोमामी लोकांच्या सुमारे ९६,००० चौरस किलोमीटर भूमीची सीमा आखली गेली. सोन्याच्या बेकायदा खाणी आणि त्यांचा पारा त्या सीमेच्या आतही पोहोचले, ही दुःखाची गोष्ट आहे. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये सुमारे १७ लाख आदिवासी मोजले गेले. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक ॲमेझॉनच्या राज्यांत राहतात.

जंगलात राहणारे सगळे आदिवासीच आहेत असेही नाही. रबराच्या तेजीच्या काळात झाडांचा चीक काढण्यासाठी कोरड्या ईशान्य ब्राझीलमधून हजारो गरीब माणसे इथे आणली गेली. त्यांच्या कर्जबाजारी कष्टांवर मनाउसमध्ये १८९६ साली ते प्रसिद्ध नाट्यगृह उभे राहिले, ज्याचे छायाचित्र आपण छापले आहे. त्याआधीच, १८७६ मध्ये, हेन्री विकहॅम या इंग्रजाने सुमारे ७०,००० रबराच्या बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या होत्या. तिथली रोपे श्रीलंका आणि मलायात गेली आणि काही दशकांत ॲमेझॉनचा बाजार बसला. मालक निघून गेले, चीक काढणारे तिथेच राहिले. त्यांच्याच वंशातला चिको मेंडेस हा आक्री राज्यातला कामगार पुढारी. तोड करणाऱ्यांसमोर बायकामुलांसह उभे राहून काम थांबवणे ही त्याच्या संघटनेची पद्धत होती. जंगल राखायचे तर त्यावर जगणाऱ्या माणसांसकट राखा, ही त्यांची मागणी. २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी गावात त्याच्या घराच्या दारात त्याला गोळी घातली गेली. त्यानंतर १९९० पासून, रहिवाशांनी चीक, नट, मासे घ्यावेत पण जंगल मोडू नये, अशी राखीव क्षेत्रे कायद्याने होऊ लागली, आणि त्यांतल्या एका मोठ्या क्षेत्राला त्याचेच नाव आहे.

ब्राझीलच्या ॲमेझॉनमधील मामिराउआ इथल्या मच्छीमारांचे उदाहरण आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या लोकांना विशेष आवडेल. तिथला पिरारुकू हा दोन मीटरांहून मोठा होणारा मासा बेसुमार मासेमारीने संपत आला होता. तो हवा घेण्यासाठी ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येतो. अनुभवी मच्छीमार होडीत शांत बसून, वर येणारा प्रत्येक मासा नुसत्या आवाजावरून व लाटेवरून ओळखून मोजतात, आणि त्या मोजणीवरून त्या वर्षी किती मासे धरायचे ते ठरते. १९९९ पासून ही पद्धत चालू आहे आणि मासा परत आला आहे. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवणाऱ्या आणि नारळी पौर्णिमेला दर्या शांत झाल्यावर पुन्हा लोटणाऱ्या समाजाला यात नवल वाटणार नाही.

येऊरला सहल नेली की दरवर्षी कुणीतरी मूल विचारायचे, ‘बाई, राष्ट्रीय उद्यानात ही माणसे कशी राहतात?’ पाटोणपाडा, जांभूळपाडा इथली वारली कुटुंबे उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. त्यांच्या घरांच्या कुडाला तीच कारवी लागते, जी आठ वर्षांनी फुलते तेव्हा आपण मोटारी घेऊन पाहायला जातो. मुलाचा प्रश्न निरागस असतो, पण तो ज्या समजुतीतून येतो ती आपणच त्याला दिलेली असते. जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, आणि माणूस दिसला की ते अतिक्रमण. आपल्या देशात २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला तो याच समजुतीने झालेला अन्याय दूर करण्यासाठी. त्याचे दावे निकाली निघण्याची वाट पाहणारी माणसे ठाणे-पालघरच्या पाड्यांत आजही आहेत.

म्हणून आपल्याला विनंती, की रविवारच्या पुरवणीत चार ओळींचा खुलासा छापावा आणि पुढच्या वेळी ॲमेझॉनवर लिहाल तेव्हा जग्वार, ॲनाकोंडा आणि मकाव यांच्याबरोबर तिपिती पिळणाऱ्या एखाद्या बाईचे किंवा पिरारुकू मोजणाऱ्या मच्छीमाराचे छायाचित्र द्यावे. दहावीच्या वर्गांत नैसर्गिक वनस्पती आणि प्राण्यांचा पाठ लवकरच सुरू होईल. त्याआधी खुलासा आला तर शिक्षकांना कात्रण काढून फळ्याशेजारी लावता येईल. माझ्या जुन्या शाळेत ते मी स्वतः नेऊन देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल-शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)